भवानीचा रुपया

‘बघतो’ हा शब्द मॅडमसमोर काढायची सोय नव्हती. फोनवरचा माणूस ‘बघतो’ म्हणाला की त्या खुर्चीतून उठायच्या आणि उभ्याने विचारायच्या, “काय बघता? किती वाजता बघता? बघून झालं की मग काय करता?” समोरचा गांगरून म्हणायचा, “होऊन जाईल मॅडम.” झालं! “होऊन जाईल म्हणजे? आपोआप? देव खाली येऊन करणार आहे का? जो करणार त्याचं नाव सांगा, मी लिहून घेते.” आणि खरंच लिहून घ्यायच्या. ट्रकवाल्यांपासून बंदरातल्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना टरकून असायचे. आमचा मालकसुद्धा त्यांच्याशी बोलताना क्रियापदं जपून वापरायचा.

पनवेलच्या एसटी स्टँडमागच्या एका इमारतीत आमचं ऑफिस होतं. न्हावा शेव्याला जो माल उतरतो त्याची कागदपत्रं तयार करायची आणि तो कस्टममधून सोडवायचा, हा आमचा धंदा. दोन हजार दहाच्या आगेमागे मी तिथे काही वर्षं काढली. मॅडमचं टेबल माझ्या अगदी समोर. पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नव्हतं. उंच, हाडापेराने दणकट, सुती साडी आणि पायात चक्क पुरुषांच्या चपला. “बायकांच्या चपला चालण्यासाठी करतच नाहीत,” असं त्यांचं म्हणणं. मी नवीन असताना पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, “तू हो म्हणतेस तेव्हा हो असतं, की नुसतं म्हणतेस?” मला वाटलं, कुठे येऊन पडले मी!

डब्यात बारा महिने सुकट. दुपारी डबा उघडला की वास अख्ख्या मजल्यावर. मालक एकदा नाकाला रुमाल लावून आला आणि म्हणाला, “मॅडम, क्लायंट येतात हो. जरा ते...” मॅडम घास गिळून शांतपणे म्हणाल्या, “मी तळोज्याला राहते. संध्याकाळी फॅक्टऱ्या हवेत जे सोडतात ना, त्याने डोळ्यांतून पाणी येतं माणसाच्या. त्याच फॅक्टऱ्यांचा माल तुम्ही सोडवता. त्यांना कधी बोललात का, वास येतो म्हणून?” मालक केबिनमध्ये गेला तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही.

स्टेशनकडून गावात येणारी शेअर रिक्षा हा त्यांचा रोजचा रणसंग्राम. मागे तीन माणसं बसली की रिक्षा सुटायला हवी. पण रिक्षावाला चौथा गिऱ्हाईक हेरायचा आणि त्याला स्वतःच्या शेजारी अर्ध्या ढुंगणावर टेकवायचा. चौथा चढला की मॅडम उतरायच्या. भर रस्त्यात, जिथे असतील तिथे. तोवर जेवढं अंतर झालं असेल तेवढेच पैसे हातावर ठेवायच्या आणि उरलेला रस्ता चालत यायच्या. उन्हात घामाघूम होऊन ऑफिसला पोचल्या की मी म्हणायचे, “काय मिळालं मॅडम तुम्हाला?” त्या पदराने मान पुसत म्हणायच्या, “मला काही मिळवायचं नव्हतंच. जे ठरलं होतं ते हवं होतं.”

दुकानात गेल्या तर बसायच्या नाहीत. दुकानदार स्टूल पुढे करायचा, फडक्याने पुसायचा, चहा मागवायचा. या उभ्या त्या उभ्या. एकदा मी कारण विचारलं. म्हणाल्या, “बसलं, चहा घेतला, की आपण त्याचे पाहुणे. पाहुण्याला भांडता येतं का गं?” मला तेव्हा हसू आलं होतं. पुढे एका शेठच्या दुकानात मी स्वतः बसले, कोल्ड्रिंक प्याले आणि तिथल्या तिथे गप्पगार झाले, तेव्हा त्यांचं म्हणणं कळलं.

घरी त्या आणि त्यांची आई. आई उरणकडची, कोळीण. जन्मभर डोक्यावर टोपली घेऊन मासळी विकली आणि एकट्या बाईने या मुलीला बी.कॉम. केली. तळोज्याच्या बाजूला फ्लॅट स्वस्त मिळाला म्हणून मॅडमनी कर्ज काढून घेतला आणि तिथल्या हवेने आईचा दमा बळावला. याबद्दल मॅडम कधी एक अक्षर बोलायच्या नाहीत. मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा म्हातारी कॉटवर उशांना टेकून बसली होती. एवढीशी, पण डोळे टवटवीत. मला म्हणाली, “तुमीच का त्या समोरच्या टेबलावरच्या? ही लय कचकच करते ना हापिसात? मना ठाव हाय. लहानपनापासून अशीच हाय. मापात एक बोंबील कमी पडला तरी गिऱ्हाइकाच्या मागं धावायची, द्यायला!” आणि हसता हसता खोकत सुटली. मॅडमनी उठून वाफेचं मशीन सुरू केलं, नळीचा मास्क आईच्या तोंडाला लावला. मशीन घरघर करायला लागलं तशी म्हातारी हळूहळू शांत झाली.

ते मशीन विजेवर चालायचं. आणि वीज तेव्हा पनवेल भागात कशी होती हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. ठरलेल्या वेळी जायची, न ठरलेल्या वेळी जायची, आणि आली आली म्हणेपर्यंत पुन्हा जायची. दिवे गेले की लिफ्ट बंद. मग मॅडम एका हातात मशीन आणि एका हाताने आईला धरून तीन मजले उतरायच्या. खाली एका डॉक्टरचा दवाखाना होता, तिथे जनरेटर होता. तिथे बाकावर बसवून आईला वाफ द्यायच्या आणि वीज आली की लिफ्टने पुन्हा वर न्यायच्या. असं किती दिवस चालणार? म्हणून इन्व्हर्टर घ्यायचं ठरलं.

आता गंमत बघा. गंमत कसली, संताप! मॅडमनी पनवेलच्या बाजारातल्या एका इन्व्हर्टरवाल्या शेठला फोन लावला आणि तो माणूस एकदाही ‘बघतो’ म्हणाला नाही. मी समोर बसून ऐकत होते. कोण येणार? त्याने माणसाचं नाव सांगितलं. किती वाजता? चार. किती वेळ लागेल? दीड तास. मॅडम खूश. इतकं सरळ बोलणारा व्यापारी त्यांना जन्मात भेटला नव्हता. शेवटी तो म्हणाला, “एकच आहे मॅडम, सोमवारपासून रेट वाढतोय. आज फुल पेमेंट टाका, पीस तुमच्या नावाने बाजूला काढून ठेवतो. चेक नको, वटेपर्यंत सोमवार उजाडेल. बँकेतून डायरेक्ट एनईएफटी मारा.” मॅडमनी दुपारी बँकेत जाऊन सगळी रक्कम त्याच्या खात्यात पाठवली. जवळजवळ महिन्याचा पगार होता तो. माझ्यावर, मालकावर, रिक्षावाल्यावर विश्वास ठेवला नाही त्या बाईने आणि या लबाडावर ठेवला.

चार वाजले, माणूस आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. “कंपनीकडून माल आला नाय मॅडम, रस्त्यात आहे.” मग एकदाचा एक टेंपो आला. बॅटरीवर स्टिकर कोरं करकरीत आणि वर टर्मिनलांवर हिरवी बुरशी चढलेली. कुणाच्या तरी घरातून काढलेली जुनी बॅटरी रंगवून पाठवली होती! मॅडमनी ती जिन्यातूनच परत पाठवली आणि शेठला सांगितलं, “माल नको. पैसे परत.”

इथून पुढे जे सुरू झालं ते आठवलं की माझं डोकं अजून सणकतं. पैसे घेताना एक मिनिट लागलं नव्हतं हो. परत द्यायची वेळ आली तेव्हा या माणसाला पंचांग आठवलं. सकाळी गेलं की, “मॅडम, आत्ताच शटर उघडलंय, भवानी व्हायचीय. भवानीच्या आधी पैसा बाहेर काढत नाही आम्ही.” पहिलं गिऱ्हाईक पैसे देऊन जाईपर्यंत गल्ल्यातून काही द्यायचं नाही, ही व्यापाऱ्यांची रीत सगळ्यांना माहीत आहे. ठीक. दुपारी गेलं तर शेठ जेवायला, शटर अर्धं खाली. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर गेलं की हा गल्ल्यासमोर अगरबत्ती ओवाळतोय. “दिवेलागण झाली ना मॅडम. आता लक्ष्मी बाहेर कशी पाठवू?” मी म्हटलं, “अहो, मग द्यायची वेळ कुठली?” तर म्हणतो कसा, “ताई, तुम्ही बसा ना. कोल्ड्रिंक घ्या.” आणि मी बावळट, बसले!

मॅडम उभ्याच होत्या. शेठ त्यांना म्हणाला, “पैसे कुठे पळून जातायत का? तुमचेच आहेत.”

“माझे आहेत तर माझ्याकडे का नाहीत?”

“मार्केट डाऊन आहे हो. कंपनीने माझे अडकवलेत. असते तर आत्ता काढून हातावर ठेवले असते, आईशप्पथ. असं करा, पंखा न्या. गीझर न्या. अॅडजस्ट करून टाकू.”

“मी पंख्याचे पैसे दिले होते का?”

“नाही, पण...”

“मग पंखा का?”

शेठ आतल्या नोकरावर उगाचच ओरडला. आम्ही बाहेर पडलो. मी रस्ताभर बडबडत होते. ग्राहक मंचात जा म्हटलं. मॅडम म्हणाल्या, “चौकशी केली. अलिबागला जावं लागेल, तारखा पडतील. दर तारखेला आईला कुणाजवळ ठेवू?” मग मी म्हटलं, “अहो, त्याला सरळ सांगा ना, आईच्या मशीनसाठी हवाय इन्व्हर्टर. म्हातारं माणूस आहे, दमा आहे. माणूसच आहे तो पण, विरघळेल. तुम्ही हे सांगितलंच नाही त्याला?”

मॅडम उभ्या राहिल्या. मागून मोटारसायकलवाला हॉर्न देत होता, त्याच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. “माझे पैसे परत मागायला माझी आई आजारी कशाला असायला लागते? ती ठणठणीत असती तर ते पैसे त्याचे झाले असते का?”

त्यांचं बरोबर होतं. शंभर टक्के बरोबर होतं. पण मला त्यांचाही राग आला, आणि तो मी लपवला नाही. ऑफिसात आम्ही सगळ्यांनी मिळून पैसे काढायचं ठरवलं होतं. मालकानेही हात सैल केला होता, खोटं कशाला बोलू. मी पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी पेनाच्या टोकाने ते माझ्याकडे सरकवलं. “हे कशाला? मला पैशांची अडचण नाही. माझे पैसे आहेत, त्या शेठकडे ठेवलेत.”

“अहो, पण दिवे गेले की श्वास तुमच्या आईचा अडकतो, शेठचा नाही!” मी ओरडलेच. सगळं ऑफिस बघायला लागलं. मॅडमचा चेहरा क्षणभर उतरला. मग म्हणाल्या, “दुसरा घेतला की तो काय म्हणेल माहितीय? झाली ना सोय, आता घाई कसली. तुमच्याकडून घेऊन फेडत बसू तर दर महिन्याला हप्ता तुमचा, आणि मजा त्याची.” आणि कागदांत डोकं घातलं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. हट्टी! एक नंबरच्या हट्टी.

आणि मग त्यांनी ते सुरू केलं. एके दिवशी सकाळी मी आले तर मॅडम माझ्याआधी हजर, कॉम्प्युटरसमोर. बँकेची वेबसाइट उघडलेली. इंटरनेट बँकिंग तेव्हा आमच्यापैकी कुणालाच धड येत नव्हतं, मॅडम एकेक बटण मोजून दाबत होत्या. मी मागून डोकावले. शेठच्या खात्यात पैसे पाठवत होत्या! मी किंचाळले, “आणखी पैसे? त्याला?”

“एक रुपया.”

“का?”

“भवानी. त्याला भवानीच्या आधी देता येत नाही ना? मीच करते त्याची भवानी. दुकान उघडायच्या आधी खात्यात जमा. शेरा लिहायची जागा असते बघ इथे.” तिथे त्यांनी इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, भवानी.

एक रुपया पाठवायला बँक त्याच्या कितीतरी पट कापून घ्यायची. मी कपाळाला हात लावला. पण मॅडम थांबल्या नाहीत. रोज सकाळी एक रुपया. रविवारी बँक बंद, तेवढी सुट्टी. रुपया पाठवला की शेठच्या दुकानात फोन करायच्या, “भवानी झाली. आता द्या,” आणि तो काही बोलायच्या आत ठेवून द्यायच्या. पहिले काही दिवस शेठ हसला म्हणे. मग त्याच्या मोबाईलवर बँकेचा मेसेज रोज यायला लागला, देवपूजा चालू असताना. एक रुपया जमा. एक रुपया जमा. व्यापारी माणूस हो. ज्याच्या हाताने भवानी होते त्यावर अख्खा दिवस जातो असं मानणारा. त्याला वाटायला लागलं, गिऱ्हाईक येत नाही ते या बाईमुळे. दुकानातले नोकर मेसेज वाजला की एकमेकांना डोळा मारून म्हणायचे, “शेठ, आली भवानी!” भवानी म्हणजे रुपया की बाई, हे शेठलाच समजत नसेल. त्याचा हिशोब लिहिणारा तर रडकुंडीला आला. रोजची एक रुपयाची नोंद कशात टाकायची? विक्री नाही, कर्ज नाही, देणगी नाही.

मला एवढं सुख झालं म्हणून सांगू! पण त्याने पैसे दिले नाहीत. दिले का? नाही. तो उलट आमच्या ऑफिसात आला, घामेजलेला, हातात मोबाईल. “मॅडम, ते बंद करा. हात जोडतो. माझं सगळं चक्र बिघडलंय.”

“बसा,” मॅडम म्हणाल्या, आणि त्याला खुर्ची दिली. तो बसला. त्याला चहा मागवला. तो प्यायला. मग मॅडम म्हणाल्या, “पैसे आणलेत?”

“अर्धे देतो. आत्ता जमतील तेवढे. बाकीच्यात एखादा मिक्सर...”

“बँकेतून घेतलेत. सगळे घेतलेत. बँकेतून द्या, सगळे द्या. त्या दिवशी भवानी बंद.”

“सगळे नाहीत हो माझ्याकडे! देवाच्यान नाहीत. असते तर इथे येऊन असा बसलो असतो का?”

त्याच्या आवाजात काहीतरी होतं. मला पण घटकाभर खरं वाटलं. मॅडमनी त्याचा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “ठीक आहे. आले की द्या.” तो गेला. दुसऱ्या दिवशी मॅडमनी रुपया पाठवलाच, पण दुकानात फोन केला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, “राहू दे.”

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते झालं. संध्याकाळी दिवे गेले. मॅडम नुकत्याच घरी पोचल्या होत्या. आईला तीन मजले उतरवून खाली आणलं तर दवाखान्याला कुलूप. डॉक्टर लग्नाला गावी गेलेला. त्या दिवशी हवाही तशीच होती, तळोज्याची ती खास आंबट, नाकात झोंबणारी. म्हातारीचे ओठ निळे पडायला लागले. रिक्षा मिळेपर्यंत, पनवेलच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत काय काय झालं ते मॅडमनी मला कधीच धड सांगितलं नाही. एवढं कळलं की दारात पोचल्यावर म्हातारीला स्ट्रेचरवर घातलं तेव्हा ती शुद्धीवर नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम ऑफिसला नव्हत्या. रुपयाही गेला नाही. अकराच्या सुमाराला फोन वाजला. मी घेतला. शेठ.

“मॅडम आहेत का? नाही, सहज केला. आज काय ती... एंट्री आली नाही.”

देवा शप्पथ सांगते, त्या क्षणी तो समोर असता तर मी त्याच्या डोक्यात स्टेपलर घातला असता. “आली नाही? आली नाही म्हणून फोन करता? लाज वाटते का हो तुम्हाला? तिची आई हॉस्पिटलात आहे! दम्याची पेशंट आहे ती, वाफेचं मशीन लागतं, दिवे गेले की बंद पडतं. त्याच्यासाठी इन्व्हर्टर हवा होता तिला! हौसेला घेत होती का ती इन्व्हर्टर? काल जीव जात होता म्हातारीचा!” आणखी काय काय बोलले ते मला आठवत नाही, पण मालक केबिनमधून बाहेर येऊन उभा राहिला होता आणि त्याने मला थांबवलं नाही. पलीकडून शेठ म्हणाला, “कुठल्या हॉस्पिटलात?”

दुपारी मी हॉस्पिटलात गेले. म्हातारी जागी झाली होती, ऑक्सिजन लावलेला. माझ्याकडे बघून तिने बोटं हलवली. मॅडमनी मला बाहेर आणलं, म्हणाल्या, धोका टळलाय असं डॉक्टर म्हणतात. आम्ही वॉर्डाबाहेर जिन्यापाशी उभ्या होतो आणि खालून शेठ वर आला. एका हातात शहाळी, दुसऱ्या हातात जाड पाकीट. धापा टाकत होता. डोळे खरंच ओले होते त्याचे, उगाच नाही म्हणणार मी.

“मॅडम, काय हे! आधी सांगायचं ना! आई आजारी आहे, मशीनसाठी पाहिजे, एवढं एक वाक्य बोलला असता तर त्याच दिवशी दिले असते. त्याच दिवशी, उभ्या उभ्या! आम्हाला काय आया नाहीत का?” आणि पाकीट पुढे केलं. “घ्या. सगळे आहेत. मोजून घ्या.”

मॅडमनी पाकीट घेतलं नाही. त्याच्याकडे बघत म्हणाल्या, “म्हणजे होते तुमच्याकडे.”

“अं?”

“त्या दिवशी. ऑफिसात आलात त्या दिवशीही. होते.”

“तसं नाही मॅडम... म्हणजे मी कुठूनतरी केले असते... माणुसकी म्हणून...” मग शेठच्याच लक्षात आलं असावं. पाकीट धरलेला हात खाली गेला.

“बँकेत भरा,” मॅडम म्हणाल्या. “आणि ती शहाळी घेऊन जा.”

तो गेला. शहाळी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी बँक उघडल्या उघडल्या सगळे पैसे मॅडमच्या खात्यात जमा झाले, त्यांनी पाठवलेल्या रुपयांसकट. इन्व्हर्टर दुसऱ्या दुकानातून घेतला, आई घरी येण्याआधी बसवूनही झाला. ज्याला त्याला वाटलं, मॅडम जिंकल्या. मालकाने पेढे आणले. मी माझा पेढा कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवून दिला, कारण मी त्या जिन्यावर होते.

शेठ खाली उतरून दिसेनासा झाला तरी मॅडम कठडा धरून तशाच उभ्या होत्या. मला वाटलं, आता त्याला चार शिव्या हासडतील. मी म्हटलंही, “मेल्याचं तळपट होवो!” त्यांनी मान हलवली. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता, त्याआधी नाही आणि नंतरही नाही.

“रोज रात्री आई विचारायची, दिले का गो त्यानं? मी म्हणायचे, नाहीत गं त्याच्याकडे. ती म्हणायची, ‘धंद्यात असं व्हतं बाय. मी पन धंदा केलाय. माल पडून राहिला की मानसाकडं सुटा पैसा नसतो, मग त्यो तोंड लपवतो. नसलेल्याला छळू नको. आले की दील.’ काल रिक्षात दम लागला होता, धड बोलता येत नव्हतं, तरी माझा हात दाबून तेच. ‘त्याला शिव्या देऊ नको गो. नसतील त्याच्याकडं.’”

त्यांनी डोळे पुसले, पुन्हा भरले, पुन्हा पुसले.

“आता आत जाऊन तिला काय सांगू मी?”

वॉर्डाचं दार उघडंच होतं. आतून म्हातारीचा आवाज आला, मास्कच्या आतून, घोगरा.

“बाय, कोन आलं व्हतं गो?”